फांदीला फांदी फुटते तेव्हा: ‘रॅमिफाय’ कसं वापरावं

वाक्य जुळवण्याआधी कागदावर चित्र काढा. एक जाड रेघ, तिला फुटलेल्या दोन-तीन रेघा आणि त्या प्रत्येकीला पुन्हा बारीक रेघा. सांगायची गोष्ट अशी दिसत असेल, तरच ‘रॅमिफाय’ (ramify, शाखा-उपशाखा फुटत जाणे) हे इंग्रजी क्रियापद घ्या. एकदाच दोन भाग होऊन गोष्ट तिथंच थांबत असेल, तर ‘बायफर्केट’ किंवा साधं ‘फोर्क’ पुरतं. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले, ते ‘बायफर्केशन’.

दोन्ही क्रियापदं एकाच अवयवात पाहता येतात. श्वासनलिका छातीत दोन मुख्य शाखांत विभागते, तिथं ‘बायफर्केट’. पुढे या शाखा वायुकोशांपर्यंत सुमारे २३ टप्प्यांत फुटत जातात, तिथं ‘रॅमिफाय’.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘रामुस’, म्हणजे फांदी. खालच्या जबड्याच्या उभ्या भागाला शरीररचनाशास्त्रात ‘रेमस’ म्हणतात, तो याच मुळाचा. उच्चारताना जोर पहिल्या ‘रॅ’वर द्यावा. नाम करताना मात्र तो सरकतो आणि ‘रॅमिफिकेशन’मध्ये ‘के’वर येतो. लिहिताना चूक होते ती शेवटच्या ‘वाय’ची: भूतकाळात आणि तृतीयपुरुषी एकवचनात त्याचा ‘आय’ होतो, ‘रॅमिफाइंग’मध्ये तो तसाच राहतो.

आजच्या इंग्रजीत हे क्रियापद बहुतेक वेळा कर्माशिवाय येतं. ‘द आर्टरी रॅमिफाइज इंटू स्मॉलर व्हेसल्स’ हा नेहमीचा साचा. कशाकशात विभागलं हे सांगायचं तर ‘इंटू’, कुठं पसरलं हे सांगायचं तर ‘थ्रू’ किंवा ‘थ्रूआउट’: ‘द नर्व्ह रॅमिफाइज थ्रू द मसल’. विशेषण म्हणून ‘रॅमिफाइड’ही चालतं, मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींच्या बारीक फांद्या पसरलेल्या रूपाला हाच शब्द लावतात.

लाक्षणिक वापरात बरेच जण इथं घसरतात. ‘द डिसिजन रॅमिफाइड द कंपनी’ हे वाक्य चूकच, कारण ‘परिणाम करणे’ हा या क्रियापदाचा अर्थ नाही. जाळं, कट, घराणं, वाद, विचारपरंपरा अशा स्वतःहून पसरत जाणाऱ्या गोष्टी कर्ता असतील, तर ते शोभतं. परिणामच सांगायचे असतील, तर नाम बरं, तेही अनेकवचनी: ‘द डिसिजन हॅड सीरियस रॅमिफिकेशन्स’. या नामाला बहुधा गुंतागुंतीची किंवा नको असलेल्या परिणामांची छटा असते, त्यामुळे अभिनंदनाच्या पत्रात ते टाळावं. आणि दुकानदार नव्या धंद्यात उतरला, तर त्यासाठी ‘ब्रांच आउट’ आहे. तिथं ‘रॅमिफाय’ लिहिलं तर वाक्य उगाच जड होतं.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द धरून बसू नये. झाडाला ‘फांद्या फुटणे’, धमनीला ‘शाखा-उपशाखा होणे’, कटाचे ‘धागेदोरे पसरणे’. नामासाठी ‘दूरगामी परिणाम’ किंवा ‘पडसाद’. ‘फाटे फोडणे’ मोहात पाडतं, पण त्यात मुद्दा भरकटवल्याचा आरोप असतो आणि ‘रॅमिफाय’मध्ये तो नाही. ‘फाटा देणे’ तर वगळण्यासाठी वापरतात, म्हणून ते इथं मुळीच चालणार नाही.