पुढची सीट बदलताना एअरबॅगचा सेन्सर कसा सांभाळायचा

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कोणी बसलंय का आणि बसलेली व्यक्ती किती वजनाची आहे, हे ओळखणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत सीटमध्येच असतो. त्या सीटसमोरची एअरबॅग उघडायची की नाही, हे त्यावरून ठरतं. काही गाड्यांत कुशनखाली जेल भरलेली पिशवी आणि तिला जोडलेला प्रेशर सेन्सर असतो, काहींत सीटच्या पायांशी बोल्टजवळ वजन मोजणारे लोडसेल, तर काहींत फोमवर पातळ मॅट. साधी मॅट नुसती बेल्टची आठवण देते. तुमच्या गाडीत काय आहे, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी पाहा.

इग्निशन बंद करा, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो बहुधा काही मिनिटांचा असतो, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. मगच सीटखालचे पिवळे कनेक्टर काढा. आधी लॉकची छोटी पट्टी सरकवायची, मग कनेक्टर सरळ ओढायचा, वायरीला हात लावायचा नाही. या वायरींवर मल्टीमीटरने ओहम कधीच मोजू नका. मीटरमधून जाणाऱ्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते. कनेक्टर सुटे असताना इग्निशन चालू केलं तर फॉल्ट कोड नोंदला जातो, डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटतो आणि स्कॅन टूल (गाडीतले कोड वाचणारं आणि पुसणारं उपकरण) लावल्याशिवाय तो सहसा जात नाही.

खरी गडबड फोम आणि कव्हरमुळे होते. रिकाम्या सीटचं वजन हे सेन्सरचं शून्य. वर जाड फोम टाकला, कव्हर ताणून बसवलं की पिशवीवर कायमचा दाब येतो आणि ते शून्यच सरकतं. हीटिंग पॅड घातला तर काही मॅटना माणूस बसल्याचा भास होतो. लोडसेल असेल तर सीट सरकते त्या रेलखाली वॉशर किंवा स्पेसर घालू नका, बोल्ट ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचनेच (नेमक्या जोराने आवळणारा पाना) आवळा. सीट पिळली गेली की वजन चुकतं. पिशवी, सेन्सर आणि त्याचं वजन वाचणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बहुधा एकमेकांशी कॅलिब्रेट करून (जुळवून) येतात, तेव्हा सुटा भाग दुसऱ्या गाडीतून आणू नका. सीटच्या पाठीच्या कडेला साइड एअरबॅग असेल तर ती जिथून बाहेर येते ती शिवण साध्या कव्हरने झाकायची नाही.

दिवा घालवण्यासाठी रेझिस्टर जोडण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. मॉड्यूल फसतं आणि सीटवर माणूस आहे असंच कायम धरतं. मागे तोंड करून बसवलेली चाइल्ड सीट समोर असताना एअरबॅग उघडली तर बाळाचा जीव जाऊ शकतो.

सगळं जोडून झालं की सीट रिकामी ठेवा, गाडी सपाट जागी उभी करा आणि स्कॅन टूलने झिरो कॅलिब्रेशन करा. मग इग्निशन चालू करून पाहा: एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. सीट रिकामी असताना आणि मोठा माणूस बसल्यावर पॅसेंजर एअरबॅगचा इंडिकेटर मॅन्युअलप्रमाणे बदलतो का, तेही तपासा. दिवा पेटलेलाच राहिला तर गाडी तशीच चालवू नका. अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री उरत नाही.