पहिल्या लाकडी लेथची तयारी: हत्यारं, चक, धार आणि बाकीचं सामान

लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, घ्यायचं ठरलं की नजर आधी जाते ती हत्यारांच्या संचाकडे. लाकडी पेटीत आठ चकचकीत हत्यारं ओळीने मांडलेली असतात आणि पेटी घेतली की तयारी झाली असं वाटतं. ती पेटी तूर्त राहू द्या. नवख्याचं कातकाम अडतं ते मुख्यतः दोन जागी, धार आणि पकड. त्या आठांपैकी तीन-चार हत्यारं वर्षभर पेटीबाहेर निघत नाहीत, आणि रोज लागणारी चार पहिल्याच आठवड्यात बोथट होतात. म्हणून खरेदी करताना आधी ग्राइंडर (धार लावायचं दगडाचं यंत्र), मग चक (लाकूड धरणारी जबड्यांची पकड) आणि शेवटी हत्यारं असा क्रम ठेवा.

त्याही आधी लेथची मापं कागदावर उतरवा. हेडस्टॉक म्हणजे मोटरकडचं डोकं; त्याच्या स्पिंडलवरचे, म्हणजे फिरत्या दांड्यावरचे, आटे व्हर्निअरने मोजा. बाहेरचा व्यास २५.४ मि.मी. आणि एका इंचात ८ आटे असतील तर तो १ इंच ८ आट्यांचा स्पिंडल. ३३ मि.मी. व्यास आणि दोन आट्यांमध्ये ३.५ मि.मी. अंतर असेल तर एम ३३ × ३.५. लहान लेथवर पाऊण इंच १६ आटेही सापडतात. घोटाळा होतो तो सव्वा इंचाच्या, म्हणजे ३१.७५ मि.मी.च्या स्पिंडलवर. डोळ्याला तो ३३ सारखाच दिसतो, पण एकाचा चक दुसऱ्यावर नीट बसत नाही. जोर करून फिरवला तर आटे गेलेच. मग स्पिंडलच्या आतलं निमुळतं भोक पाहा. तोंडाशी साधारण १७.८ मि.मी. असेल तर मोर्स टेपर २ (निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप), साधारण १२ मि.मी. असेल तर मोर्स टेपर १. टेलस्टॉकचं, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक टेकवणाऱ्या समोरच्या भागाचं, भोक वेगळं मोजा, ते सारखंच असेल असं धरून चालू नका. टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीच्या, पायाचा व्यासही लिहून घ्या, कारण एक इंची पाय २५ मि.मी.च्या भोकात जात नाही आणि फरक जेमतेम ०.४ मि.मी.चा असल्यामुळे तो दुकानात लक्षात येत नाही. हा कागद जवळ असल्याशिवाय काहीच मागवू नका.

आता धार. ८ इंची, म्हणजे २०० मि.मी. दगडाचा आणि मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेणारा ग्राइंडर घ्या. २८०० फेऱ्यांच्या ग्राइंडरवरही धार लागते, पण तो नवख्या हाताला वेळच देत नाही; क्षणभर जास्त टेकलं की पोलाद झिजून आकार बिघडतो. ग्राइंडरसोबत येणारा करडा दगड कडक असतो, हाय स्पीड स्टीलवर (कातायच्या हत्यारांचं कडक पोलाद) तो लवकर गुळगुळीत होतो आणि कापण्याऐवजी घासत राहतो. त्याजागी ६० किंवा ८० ग्रिटचा (दाण्याच्या बारीकपणाचा नंबर) पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड बसवा आणि तो सरळ करायला डायमंड ड्रेसर घ्या. नवा दगड बसवण्याआधी मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि लाकडी मुठीने हलकेच ठोका. स्वच्छ टणत्कार आला तर बसवा, बद्द आवाज आला तर दगडाला आत तडा असू शकतो, तो वापरू नका. सीबीएनची (क्युबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाची) चाकं महाग, पण त्यांचा व्यास बदलत नाही आणि ड्रेसिंगची कटकट नाही. मात्र त्यांवर हाय स्पीड स्टीलच घासायचं. मऊ पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम त्यांच्यात भरून बसतं.

ग्राइंडरसोबत धार लावायची जिग घ्या, म्हणजे समोर सरकणारा दांडा, सपाट टेबल आणि गाउज (पन्हळीसारखं खोलगट पातं असलेलं हत्यार) धरायचा हात. मोकळ्या हाताने धार लावता येते, पण ते शिकायला जितकं पोलाद जातं तितक्यात जिग येते. जिगमधून हत्यार किती पुढे काढायचं हे माप प्रत्येक वेळी तेच हवं. त्यासाठी एका फळीवर पट्टी ठोका, पट्टीपासून ४५ मि.मी. किंवा तुमच्या जिगला लागेल त्या अंतरावर थांबा करा आणि हत्याराचं टोक दर वेळी तिथे टेकवून जिग आवळा. पहिल्यांदा धार लावताना उतारावर, म्हणजे धारेमागच्या तिरक्या घासलेल्या भागावर, मार्कर पेनने काळं करा, दगड हाताने फिरवून हत्यार हलकेच टेकवा आणि पाहा. शाई फक्त धारेकडची गेली तर कोन बोथट होतोय, फक्त मागची गेली तर जास्त निमुळता. सगळीकडून सारखी गेली की मग बटण दाबा. दाब इतका कमी ठेवा की हत्याराचं वजनही पुरेसं वाटावं. हाय स्पीड स्टील तापलं म्हणून पाण्यात बुडवू नका. एकदम थंड झाल्याने धारेत बारीक तडे जाऊ शकतात. जरा थांबा, हवेत निवू द्या. दगडाच्या कडेच्या सपाट बाजूवर घासायचं नाही, हेही आत्ताच ठरवून टाका.

पुन्हा धार कधी लावायची ते ढलपीवरून कळतं. लांब, वेटोळी ढलपी निघत असेल तर ठीक. तिच्याजागी भुसा उडायला लागला, हाताला जोर द्यावा लागला, लाकडाची रेषा, म्हणजे तंतू, उचकटलेली दिसली की लेथ थांबवा. वाडगा कातताना ही वेळ पंधरा-वीस मिनिटांतच येते. म्हणून ग्राइंडर लेथपासून चार पावलांवर ठेवा. दुसऱ्या खोलीत ठेवलात तर जाण्याचा कंटाळा येणार, आणि बोथट हत्यारावर दाब देऊन काम रेटलं जाणार. हत्यार लाकडात अडकून झटके बसतात ते अशाच वेळी.

हत्यारं एम२ प्रतीच्या हाय स्पीड स्टीलची घ्या, एकेक करून, सुरुवातीला पाच. खांब, मुठी, पाय अशा दोन सेंटरमधल्या (लाकडाची दोन्ही टोकं टोकदार आधारांत धरून करायच्या) कामाला २० मि.मी.चा स्पिंडल रफिंग गाउज (इथे स्पिंडल म्हणजे असं लांबट लाकूड), धारेचा कोन ४५ अंश. चौकोनी लाकूड गोल करणं एवढंच त्याचं काम. हा वाडग्यावर कधीही वापरायचा नाही. मुठीत जाणारं त्याचं शेपूट चपटं आणि अरुंद असतं. वाडग्याच्या आडव्या रेषेत अडकला तर शेपूट तिथेच तुटतं आणि पातं हवेत जातं. दुसरा १० मि.मी.चा स्पिंडल गाउज, कोन ३५ ते ४० अंश, मणी आणि खोबणी काढायला. तिसरं ३ मि.मी.चं पार्टिंग टूल, खाच पाडून तुकडा वेगळा करायला. शक्यतो मध्ये जाड आणि कडांना निमुळतं होणारं घ्या, ते खाचेत कमी घासतं. खोल जाताना खाच थोडी रुंद करत जा, नाहीतर लाकूड हत्याराला दाबून धरतं आणि धूर निघतो.

चौथा वाडग्याचा गाउज. इथे मापाचा गोंधळ आहे. काही कारखाने पन्हळीची रुंदी सांगतात, काही दांड्याचा व्यास. एकाचा १० मि.मी. तो दुसऱ्याचा १२ किंवा १३. तुम्हाला दांडा साधारण १२ मि.मी. जाडीचा हवा, ऑर्डर देताना तेच विचारा. कोन ५५ अंशांच्या आसपास आणि दोन्ही कडा थोड्या मागे घासलेल्या असल्या की नवख्याला सोपं जातं. चौकोनी कोपऱ्यांचा गाउज वाडग्याच्या आत पटकन अडकतो. पाचवा खरवडायचा, गोल तोंडाचा स्क्रेपर, २५ मि.मी. रुंद आणि किमान ८ ते १० मि.मी. जाड. पातळ स्क्रेपर थरथरतो आणि लाकडावर लाटा उमटवतो. तो धरताना मूठ थोडी वर आणि टोक किंचित खाली ठेवायचं. टोक वर गेलं की वाडग्याच्या आत नक्की घुसणार.

स्क्यू पटाशी, म्हणजे तिरक्या धारेची सपाट पटाशी, या पाचांत नाही, आणि त्यावर अनेक जण नाराज होतील. लाकडाला काचेसारखा गुळगुळीतपणा तीच देते, पण सुरुवातीचे बहुतेक झटकेही तीच देते. घ्यायचीच तर २० मि.मी.ची घ्या, टूल रेस्टवर टेकणाऱ्या लांब कडा दगडाने घासून गोल करा, आणि पहिले आठ-दहा दिवस फुकटच्या लाकडावरच चालवा.

कार्बाइडच्या सुट्या पात्यांची हत्यारं ग्राइंडर वाचवतात हे खरं. चौकोनी पात्याला चार धारा असतात, एक बोथट झाली की स्क्रू सैल करून पातं फिरवायचं. हत्यार आडवं, जमिनीला समांतर धरलं की काम होतं. पण ती मुळात खरवडतात. मऊ लाकडाच्या रेषा उचकटतात आणि पॉलिश पेपरचा खर्च वाढतो. ग्राइंडर येईपर्यंत एक घ्यायला हरकत नाही. सगळा संच त्यातच घेतलात तर उतार टेकवून कापायची सवय लांबणीवर पडते.

चक चार जबड्यांचा, चारही एकत्र सरकणारा आणि किल्लीने आवळायचा घ्या. स्पिंडलच्या आट्यांचाच चक मिळाला तर उत्तम, नाहीतर योग्य इन्सर्टसह (आटे जुळवणारी मधली कडी). २५०-३०० मि.मी. व्यास घेणाऱ्या लहान लेथवर ७५ ते १०० मि.मी.चा चक पुरतो. त्याहून मोठा आणि जड चक लावला तर बेअरिंगवर भार येतो, लेथ हलतो आणि वाडग्यासाठी जागाही कमी उरते. सोबत ५० मि.मी.चे जबडे हवेत, बाकीचे नंतर. जबडे कापताना एक अखंड वर्तुळ करून मग त्याचे चार तुकडे केलेले असतात, त्यामुळे एकाच व्यासाला ते पूर्ण गोल असतात, जवळजवळ मिटलेले असताना. टेनन, म्हणजे जबड्यांत धरायचा लाकडाचा गोल खुंट, त्या मापाचा काढला तर चारही जबडे सगळ्या लांबीने टेकतात. फार मोठा काढला तर जबड्यांची फक्त टोकं लाकडात रुततात. टेननचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश, लांबी ५-६ मि.मी., बाजू जबड्यांच्या उताराला जुळणारी. तळाचा कोपरा स्वच्छ काटकोनासारखा कापा. तिथे गोलाई राहिली तर लाकूड जबड्याच्या तोंडावर सपाट बसत नाही आणि वाडगा डुगडुगतो. टेननचं टोक चकाच्या तळाला टेकता कामा नये. आवळल्यावर दोन मिनिटं चालवा, थांबवा, पुन्हा आवळा. दाबाने तंतू बसतात आणि पकड सैल होते. जबडे चकाच्या अंगाबाहेर आलेले असताना लेथ चालवला तर ते फिरताना दिसत नाहीत आणि बोटांची सालटी काढतात. स्पिंडल आणि चक यांच्यामध्ये नायलॉनचा पातळ वॉशर घातला तर चक आट्यांवर घट्ट जाम होत नाही.

चकासोबत ७५ मि.मी.ची फेसप्लेट (लाकडाला स्क्रूने जोडायची भोकांची तबकडी) हवी. ओबडधोबड ओंडका सुरुवातीला त्यावरच खात्रीने धरला जातो. तिला जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू लावू नका, ते ठिसूळ असतात आणि आडव्या झटक्याने डोकी उडतात. जाड अंगाचे लाकडाचे स्क्रू, निदान २५ मि.मी. लाकडात जातील असे, सगळ्या भोकांत. बाकी लाकूड फिरवणारा चार दातांचा ड्राइव्ह सेंटर आणि टेलस्टॉकचा, लाकडासोबत फिरणारा रिव्हॉल्व्हिंग सेंटर लेथसोबत बहुधा येतात; बेअरिंग खडखडत असेल तर रिव्हॉल्व्हिंग सेंटर आधी बदला. १३ मि.मी.चा ड्रिल चक तुमच्या टेपरच्या मापाचा घ्या आणि टेलस्टॉकमध्येच वापरा. हेडस्टॉकमध्ये लावायचा तर मागून आवळणारा दांडा लागतो, नाहीतर तो निसटतो. ड्रिल मागे घेताना चकावर हात ठेवा, भुशात अडकलेलं ड्रिल त्याला टेपरमधून ओढून काढतं. टेपर बसवण्याआधी दोन्ही बाजू फडक्याने पुसा. भुशाचा एक कण पुरे, सेंटर वाकडा बसायला.

टूल रेस्ट दोन हवेत, ३०० मि.मी. आणि वाडग्याच्या आत जाईल असा १५० मि.मी. नवा असला तरी वरच्या कडेवरून बोट फिरवा. खाच लागली तर कानशीने सपाट करा आणि मेण चोळा, कारण हत्यार सरकताना त्या खाचेत अडखळलं की तीच खाच लाकडावर उमटते.

टेबलाची उंची अशी ठेवा की स्पिंडलचा मध्य कोपराच्या रेषेत किंवा दोन बोटं वर येईल. लेथ हलका असेल तर खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा. जमिनीला बोल्ट मारण्याआधी हा उपाय करून पाहा. दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांसमोर आणून ती जुळतात का ते बघा. स्विच अशा जागी हवा की फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागणार नाही.

अंगावर पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड हवी, नुसता चष्मा चालत नाही. बारीक धुळीसाठी एन९५ किंवा एफएफपी२ मास्क. हातमोजे अजिबात नकोत. फिरत्या लाकडाने कापड पकडलं की बोटही जातं. लांब बाह्या, माळ, अंगठी, मोकळे केस यांचंही तेच. सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, चकाची किल्ली काढलीय का पाहा, वेग सगळ्यात खाली आणा आणि लाकूड उडेल त्या रेषेतून बाजूला उभं राहून बटण दाबा. गोल झालेल्या लाकडाचा वेग काढायला ढोबळ हिशेब असा की इंचातला व्यास गुणिले फेरे ६००० ते ९००० च्या दरम्यान असावेत, म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. ओबडधोबड ओंडक्याला त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करा.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४० आणि ३२० ग्रिटचे. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे पॉलिश लावल्यावर वर येतात. घासताना टूल रेस्ट काढून ठेवा. तेल लावायला कापड न घेता कागदी नॅपकिन घ्या, तो अडकला तर फाटतो, बोट ओढत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात. सपाट पसरून बाहेर वाळवा.

सरावाला ५० × ५० मि.मी.चे, २५० मि.मी. लांबीचे, सरळ रेषेचे, गाठ नसलेले दहा-बारा तुकडे. वाडग्याला १५० मि.मी. व्यासाचा, ६०-७० मि.मी. जाडीचा गोल, आणि तोही दोन-तीन. ठोकून पाहा, तडा असेल तर आवाज बद्द येतो. ओल्या लाकडाच्या कापलेल्या टोकांना मेण लावून ठेवा, नाहीतर ती आठवड्यात फाटतात.

खोल फुलदाण्यांची हत्यारं, नक्षीची चाकं, व्हॅक्यूम चक हे तूर्त विसरा. स्टेडी रेस्टसुद्धा (लांब लाकडाला मध्ये आधार देणारी चौकट) लाकडाची लांबी जाडीच्या दहापटीपुढे गेली आणि मधला भाग थरथरायला लागला की मगच घ्या.