ईक आउट म्हणजे सुंगटांत खोबरं घालणं

पुतणी काल विचारत होती, काका हे "ईक" काय असतं, स्पेलिंग चुकलंय का? चुकलेलं नाही गो. ई, के, ई, उच्चार ईक, वीकसारखा, आणि हे इंग्रजी क्रियापद सहसा एकटं फिरत नाही, मागे आउट असतंच.

डिक्शनरीत अर्थ वाचून काही डोक्यात बसत नाही, म्हणून घरातलंच सांगतो. 1 जून ते 31 जुलै गोव्यात मासेमारीचे ट्रॉलर बंद, ताजी मासळी महाग, तेव्हा मे महिन्यात भरून ठेवलेलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, बाहेर निघतं. जुलै अर्धा होईतो डब्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, मूठभर आणि जेवायला माणसं सहा. मग आई ती तव्यावर भाजते, डोकी-शेपट्या मोडून टाकते आणि कांदा, मिरची, आमसूल अन् अख्खी नारळाची वाटी खवून घालते, की ही सुक्या सुंगटांची कोशिंबीर, किसमूर, सगळ्यांच्या पानात पडते. हेच ईक आउट! शी ईक्ड आउट द प्रॉन्स विद कोकोनट. आहे तेवढं भर घालून किंवा जपून वापरून पुरवायचं, आणि भर कशाची ते विद लावून सांगायचं. जुन्या इंग्रजीत ईकचा अर्थच वाढवणं. निकनेम पण त्याच घरचा, आधी तो "अ‍ॅन ईक नेम" म्हणजे जादा जोडलेलं नाव होता, बोलता बोलता अ‍ॅनचा न पुढे चिकटला.

दुसरा वापर ईक आउट अ लिव्हिंग, म्हणजे कसंबसं पोट भरणं, आणि इथेच लोक आपटतात. मी स्वतः एका अर्जात लिहिलेलं, आय ईक आउट अ गुड लिव्हिंग फ्रॉम ट्यूशन्स, इंटरव्ह्यूतल्या बाई वाचून जे हसल्या ते अजून आठवतं. गुड आणि ईक आउट एका घरात नांदत नाहीत, मीगर (तुटपुंजं) किंवा बेअर (जेमतेम) चालतं.

फुटबॉलच्या बातमीत दिसेल, ईक्ड आउट अ 1-0 विन, म्हणजे रडतखडत जिंकले. 5-0 ला हे लिहू नका. आणि कुणाकडून खरं काढून घेणं म्हणजे ईक आउट नव्हे, तो गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

इट, देम आले की मध्ये बसतात, ईक इट आउट.

पुतणीला म्हटलं एक वाक्य कर बघू, तर तिने लिहिलं, मॉम ईक्ड आउट द गॅस टिल मंडे. बरोबर आहे, पण वहिनीला दाखवलं नाही, सिलिंडर बुक करायचं काम माझं होतं.