बागेत, अंगणात सोलर ग्राउंड लाईट कसे लावायचे

सोलर लाईट घेताना बहुतेक जण फक्त रात्रीचा विचार करतात. पायऱ्यांपाशी एक हवा, गेटपासून दारापर्यंत रांग हवी, त्या मोठ्या झाडाखाली एक छान दिसेल वगैरे. मग आठवडाभरात तक्रार सुरू, दिवे दोन तासांत विझतात, माल बोगस निघाला. कधीकधी माल खरंच बोगस असतो, पण बऱ्याचदा जागा चुकलेली असते. वायर नाही, मीटर नाही, म्हणजे त्या दिव्याला जे काय मिळणार ते दिवसा त्याच्या डोक्यावर पडणाऱ्या उन्हातूनच मिळणार, त्यामुळे जागा दिवसा बघून ठरवायची. एवढं नीट केलं की बाकीचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे.

१. खरेदीच्या आधी ऊन बघा

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३-साडेतीनला बागेत चक्कर मारा आणि जिथे जिथे दिवे लावायचं डोक्यात आहे तिथले मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तिन्ही फोटोंत ऊन दिसतंय ती जागा पक्की. फक्त सकाळी किंवा फक्त दुपारनंतर भिंतीची सावली येत असेल तर चालून जाईल, लाईट थोडा कमी वेळ टिकेल इतकंच. पण दिवसभर झाडाखाली गारेगार सावली असेल तर तिथे हे दिवे लावूच नका, कितीही छान दिसणार असले तरी. साधारण ६ ते ८ तास थेट ऊन मिळावं असा हिशोब धरा.

आणि "थोडीशीच सावली आहे" यावर जाऊ नका. दिव्यावरच्या छोट्या सोलर पॅनलमधले वीज बनवणारे सेल एकापुढे एक असे सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी अख्ख्या पॅनलचा करंट खाली येतो. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, सावल्या लांबतात, तेव्हा आत्ता उन्हात असलेली जागा चार महिन्यांनी सावलीत जाऊ शकते, हेही डोक्यात ठेवा.

तीच जागा एकदा अंधार पडल्यावरही बघा. या दिव्यांत बऱ्याचदा वेगळा सेन्सर नसतो, पॅनलच सेन्सरचं काम करतं, पॅनलचं व्होल्टेज खाली आलं की आतली चिप समजते की अंधार झाला आणि एलईडी चालू करते. आता जवळच रस्त्याचा दिवा किंवा पोर्चचा बल्ब असेल तर पॅनलला वाटतं अजून उजेडच आहे. असा दिवा लागतच नाही किंवा लुकलुकत राहतो आणि आपण दुकानदाराशी भांडत बसतो.

२. कुठला प्रकार घ्यायचा

मुख्यतः तीन प्रकार मिळतात. खाली टोकदार खुंटी असलेले, जे मातीत खुपसायचे. जमिनीच्या लेव्हलला बसणारे गोल चकतीसारखे. आणि झाडावर किंवा भिंतीवर उजेड टाकणारे स्पॉटलाईट. सावलीची जागा असेल आणि तिथे दिवा हवाच असेल तर पॅनल वेगळं आणि वायरने जोडलेलं असतं तो स्पॉटलाईट घ्या, पॅनल उन्हात ठेवायचं, दिवा झाडाखाली. हा एक प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही.

खोक्यावर वॅट बघू नका, लुमेन बघा, म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचा आकडा. १०-१५ लुमेनचे दिवे फक्त शोभेचे, वाट कुठे आहे एवढं कळतं. पायऱ्या नीट दिसायला हव्यात तर ५० ते १०० लुमेनच्या आसपास जा, आणि झाडावर खालून उजेड टाकायचा असेल तर त्याच्याही वर. रंगाचा आकडा केल्विनमध्ये असतो, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार, ६००० च्या वर म्हणजे दवाखान्यासारखा पांढरा. माझं मत विचाराल तर बागेत पिवळसरच, आणि त्यावर किडेही तुलनेने कमी येतात.

पाण्याचा आकडा म्हणजे आयपी रेटिंग. ४४ असेल तर शिंतोडे झेलतो, ६५ असेल तर पाण्याचा फवारा झेलतो, ६७ असेल तर एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतं. खुंटीवाल्यांना ४४ पुरतं, ६५ असेल तर उत्तम. पण चकतीवाले जमिनीतच असतात, त्यांच्याभोवती पाणी साचतं, त्यांना ६७ च घ्या.

३. आणल्या आणल्या लगेच जमिनीत घालू नका

आधी बॅटरीपाशी असलेली प्लास्टिकची पट्टी ओढून काढा, पॅनलवरची पारदर्शक फिल्म सोलून काढा (ती पुष्कळ जण तशीच ठेवतात) आणि स्विच ऑन करा. मग पॅनल हाताने पूर्ण झाका, लाईट लागला पाहिजे. बोटांच्या फटींतून उजेड जात असेल तर लागणार नाही, म्हणून सरळ जाड कापडात गुंडाळून बघा. जो लागत नाही तो लगेच परत करू नका, बॅटरी रिकामी असू शकते, एक दिवस उन्हात ठेवून परत बघा.

मग सगळे दिवे एक-दोन दिवस चांगल्या उन्हात नुसते ठेवून द्या, म्हणजे पहिलं चार्जिंग व्यवस्थित होईल. इथे एक गोम आहे. काही मॉडेलमध्ये स्विच ऑफ असला तरी चार्जिंग होतं, पण पुष्कळ मॉडेलमध्ये स्विच ऑन असेल तरच होतं. आतला कागद वाचा, नसेल कागद तर ऑनच ठेवा.

४. बसवणं

खुंटी हातोडीने ठोकू नका, प्लास्टिक आहे, तडकतंच. जागेवर पाणी ओतून माती तासभर मऊ होऊ द्या, लांब स्क्रूड्रायव्हरने किंवा सळईने भोक पाडा आणि मग खुंटी हाताने दाबत सरळ खाली घाला. दिवा लावलेला असताना वरच्या डोक्यावर जोर देऊ नका, आधी खुंटी, मग दिवा.

चकतीवाल्यांना जरा जास्त मेहनत. चकतीपेक्षा थोडा मोठा आणि चार-पाच बोटं जास्त खोल खड्डा खुरप्याने काढा, तळाला बारीक खडी घाला म्हणजे पाणी खाली मुरेल, मग चकती बसवून बाजूने माती दाबा. वरची कड मातीच्या लेव्हलला किंवा किंचित वर. फार खाली गेली तर पहिल्याच पावसात चिखल पॅनलवर, फार वर राहिली तर कोणीतरी ठेचकाळणार किंवा गवत कापायच्या मशीनचं पातं लागणार. गाडी जाते त्या वाटेवर साधी चकती टाकू नका, वजन झेलणारी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

दोन दिव्यांत ६ ते ८ फूट अंतर ठेवा. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावले की विमानतळाच्या धावपट्टीसारखं दिसतं, त्यापेक्षा एक डावीकडे, पुढचा उजवीकडे असे आलटून पालटून लावा, कमी दिव्यांत काम होतं आणि डोळ्यांनाही बरं. पायऱ्या आणि वळणं यांना मात्र पहिला मान. स्पॉटलाईटचं वेगळं पॅनल असेल तर उत्तर गोलार्धात ते दक्षिणेकडे तोंड करून थोडं तिरपं ठेवा, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे.

५. नंतरची देखभाल आणि बॅटरीची भानगड

दोन-तीन आठवड्यांनी ओल्या मऊ कापडाने पॅनल पुसा, बास. घासणी नको, ओरखडे पडतात. आजूबाजूचं गवत आणि वाढलेल्या फांद्या छाटत राहा.

वर्ष-दोन वर्षांनी लाईट लवकर विझायला लागला तर अख्खा दिवा फेकू नका, बॅटरी बदलून बघा. खालचे स्क्रू काढले की आत बहुतेक वेळा साधा पेन्सिल सेल दिसतो, पण तो १.२ व्होल्टचा रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड असतो. त्याच्या जागी घड्याळातला नेहमीचा सेल घालायचा नाही, तो चार्ज करायचा नसतो, गळतो आणि फुटूही शकतो. काही दिव्यांत ३.२ व्होल्टचा लिथियम सेल असतो आणि तो दिसायला डिट्टो पेन्सिल सेलच्या मापाचा असतो, म्हणून जुन्या सेलवरचं व्होल्टेज वाचूनच नवा आणा.

दुसरं म्हणजे "मोठी बॅटरी टाकू, जास्त वेळ चालेल" हा गैरसमज. समजा छोटं पॅनल कडक उन्हात ४० मिलीअँपिअर देतंय आणि चांगलं ऊन ५ तास आहे, म्हणजे दिवसाला २०० एमएएच (मिलीअँपिअर गुणिले तास), त्यातलं थोडं वाया जाणार. एलईडीला बॅटरीतून २५ मिलीअँपिअर लागत असतील तर ६-७ तास उजेड. आता तिथे ६०० एमएएचचा सेल असो नाहीतर २००० चा, रोज भरतंय २०० च, मग जास्त वेळ कसा चालणार? वेळ वाढवायचा तर ऊन वाढवा, नाहीतर मोठ्या पॅनलचा दिवा घ्या. मोशन सेन्सरवाला घेतला तर एरवी मंद राहतो आणि कोणी आलं की पूर्ण लागतो, तोही एक उपाय.

सेल बदलताना टोकांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, कितीतरी "मेलेले" दिवे एवढ्यानेच जिवंत होतात. आत पाणी किंवा वाफ दिसली तर उघडून, सेल काढून सावलीत पूर्ण वाळवा आणि जोडातलं रबरी गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) नीट बसवा. गॅस्केट गेलेलं असेल तर वरच्या जोडावर सिलिकॉनची बारीक रेघ ओढा, पण खाली पाणी निघायचं भोक असेल तर ते बुजवू नका.

आणि जुने सेल कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचरा घेतात तिथे द्या. दिवे काही महिने लावणार नसाल तर पूर्ण चार्ज करून, स्विच ऑफ करून कोरड्या जागी ठेवा, आणि मधेच दोन-तीन महिन्यांनी एकदा स्विच ऑन करून दिवसभर उन्हात ठेवून परत ऑफ करा.