लडाखला गाडी नेताय? या चुका टाळा

मनाली-लेह रस्ता उघडल्याची बातमी आली की पुण्यातल्या गॅरेजांबाहेर थार, जिम्नी आणि व्ही-क्रॉसची रांग लागते. सगळ्यांना शुक्रवारी रात्री निघायचं असतं आणि सगळ्यांच्या गाड्या गुरुवारी रॅम्पवर असतात. "एकदा सगळं बघून घ्या हो," एवढं सांगून मालक चहाला निघून जातो. 'सगळं' म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं आणि मेकॅनिकला विचारायला फुरसत नसते.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. झिजलेल्या पार्टपेक्षा आदल्या दिवशी घाईत बसवलेला नवा पार्ट जास्त दगा देतो.

एकदा आमच्याबरोबर निघालेल्या एकाने आदल्या संध्याकाळी जुन्या फोर बाय फोरच्या (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या गाडीच्या) पुढच्या दोन्ही व्हील बेअरिंग, म्हणजे चाक ज्यांवर फिरतं त्या, बदलून घेतल्या. आवाज नव्हता, चाकात ढिलेपणा नव्हता. "एवढ्या लांब जातोय तर नव्याच टाकू," एवढंच कारण. धुळं मागे पडलं आणि बिजासन घाटात गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली. सेंधव्यात थांबलो तर उजवा हब (चाकाचा मधला भाग) कोमट आणि डाव्याला हात लावायची सोय नाही, ग्रीस वितळून रिमवर आलेलं. त्या जातीच्या बेअरिंगचा नट आधी आवळून, चाक फिरवून मग थोडा सैल सोडायचा असतो. घाईतल्या पोराने तो फुल टाइट करून ठेवला होता. बेअरिंग निळी पडलेली. नवी इंदूरहून दुसऱ्या दिवशी बसने आली आणि तोवर सगळा ताफा लॉजवर पत्ते कुटत बसला. आधीच्या धडधाकट बेअरिंग कुठे आहेत विचारलं, तर त्या भंगारात दिलेल्या. चांगला पार्ट बदललाच, तर जुना पुसून, ग्रीस लावून गाडीत ठेवायचा असतो, हेही लोकांना सांगावं लागतं.

म्हणून माझी गाडी निघायच्या तीन आठवडे आधी गॅरेजला जाते. काम झालं की खरं सामान, खरी माणसं, पाण्याचे कॅन असं सगळं भरून ताम्हिणी उतरायचा आणि माणगाव, महाड, वरंध घाट, भोर करून परत यायचं. रिकाम्या गाडीने सोसायटीभोवती मारलेली चक्कर ट्रायल म्हणून धरू नका. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॉक, क्लच, ब्रेक यांची परीक्षा वजनाखाली आणि घाटातच होते. वाटेत दोनदा थांबून चारही हबजवळ उलटा हात नेतो. चारही सारखेच गरम हवेत, एकच वेगळा असेल तर तिथे काहीतरी आहे. व्हील नट त्याच वेळी पान्याने परत आवळायचे, गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवलं असेल तर पाटे धरून ठेवणारे यू-बोल्टसुद्धा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाकून झोपायचं, गळती असेल तर सकाळी तोच सांगतो.

दुसरा माझा रागाचा विषय म्हणजे रेडिएटर. "गाडी गरम होते" म्हटलं की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकणारे उस्ताद अजून आहेत आणि त्यांना शाबासकी देणारे मालकही. मग इंजिन धड तापत नाही, डिझेल जास्त पितं आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या थंडीत हीटरमधून गार वारा येतो. मूळ दुखणं बहुतेक वेळा तुंबलेला रेडिएटर, घसरणारा फॅन किंवा मरायला टेकलेला वॉटर पंप असतं, ते तसंच राहतं. गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुगाड रस्त्यात अडकल्यावर ठीक आहे. घरून निघतानाच हळद टाकणाऱ्याला मी सोबत घेत नाही.

आता उंचीचा हिशेब बघा. त्याच रस्त्यावरची टांगलांग ला ही खिंड 5,328 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी 80 ते 85 अंशांच्या दरम्यानच उकळतं. रेडिएटरमध्ये ते उकळत नाही, कारण झाकण दाब धरून ठेवतं. त्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पुण्यात काहीच कळत नाही, चढावर कळतं. काहीशे रुपयांची वस्तू आहे, नवी टाका. आणि नळाचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं ठेवलं तर उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर 140 वर येतं. लांब उतारावर पेडल फुसकं का झालं, याचं उत्तर बऱ्याचदा तेच असतं.

डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा नट सुटतो का ते बघा, मगच खालचा खोला. उलटं करणारे ऑइल सांडून बसतात आणि वरचा नट गोल करतात. निघालेलं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा ये-जा करायचा, पाइप तपासा.

रिव्हर्समधून फर्स्टला टाकताना खालून 'टक' येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा चार टोकांचा सांधा, बघून घ्या. ग्रीस मारताना चारही टोकांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं.

फोर बाय फोरचा लिव्हर वर्षभर हलवला नसेल तर तो नाल्यात हलेल अशी आशा धरू नका. मातीच्या रस्त्यावर महिन्यातून एकदा लावा, कोरड्या डांबरावर नाही.

चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. एलईडी बार (जादा दिव्यांची पट्टी) फ्यूज आणि रिलेशिवाय थेट बॅटरीला जोडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

शेवटचं, जे कोणीच करत नाही. पार्किंगमध्ये स्वतः एक चाक बदलून बघा. टायरवाल्याने एअर गनने आवळलेले नट कंपनीच्या पान्याने सुटत नाहीत. गाडी उंच केली असेल तर मूळ जॅकने चाक जमिनीवरून सुटतच नाही. स्टेपनीच्या कडेवरचे चार आकडेही वाचा. 1417 असेल तर तो टायर 2017 च्या चौदाव्या आठवड्यातला आहे, वरची नक्षी कितीही कोरी दिसो.