पीसीआय पासथ्रू: या चुका टाळा

पीसीआय पासथ्रू म्हणजे ग्राफिक्स कार्डासारखं डिव्हाइस मूळ संगणकाकडून (होस्ट) काढून थेट व्हर्च्युअल मशीनला (गेस्ट) सोपवणं. कार्ड तिथे दिसेना, की बरेच जण गेस्टमधला ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. लिनक्सच्या केव्हीएमवर (कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) दोष बहुधा होस्टकडे असतो. आधी तिथे पाहा.

इंटेलवर व्हीटी-एक्स चालू म्हणजे व्हीटी-डीही चालू, हा समज सोडा. व्हर्च्युअल मशीन पहिल्यावरच चालतं. डिव्हाइस सोपवायला दुसरंही लागतं. बायोसमध्ये त्याची सेटिंग वेगळी असते, आणि पुष्कळ डिस्ट्रोंत कर्नलच्या बूट ओळीतही आयओएमएमयू (डिव्हाइस कोणत्या मेमरीपर्यंत पोचेल ते ठरवणारं हार्डवेअर; इंटेलचं ते व्हीटी-डी) चालू करावं लागतं.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते आयओएमएमयू ग्रुपवर. एका ग्रुपमधली डिव्हाइसेस एकमेकांपासून वेगळी राखण्याची हमी हार्डवेअर देत नाही, म्हणून ग्रुप फोडून अर्धा गेस्टला देता येत नाही. कार्डाच्या ग्रुपमध्ये होस्टचा सॅटा कंट्रोलर असेल तर आधी स्लॉट बदलून बघा. थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटचे ग्रुप सहसा सुटसुटीत असतात. एसीएस ओव्हरराइड हा कर्नलचा पॅच ग्रुप फोडल्यासारखं दाखवतो, पण हार्डवेअर तेच राहतं. परक्या माणसांची मशीन चालवत असाल तर तो मुळीच वापरू नका.

यानंतरची चूक म्हणजे फक्त ग्राफिक्स बाजूला काढणं. त्याच कार्डावर एचडीएमआयचा ऑडिओही असतो: पीसीआय पत्त्याच्या शेवटी ०च्या जोडीला १. दोन्ही व्हीएफआयओ-पीसीआयकडे (गेस्टला द्यायची डिव्हाइसेस धरून ठेवणारा ड्रायव्हर) हवेत, आणि होस्टचा नेहमीचा ड्रायव्हर त्यांवर बसण्याआधी. कॉन्फिगरेशन बदलून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नल वापरतो ती फाइल) नव्याने बनवायला विसरलात तर रीबूटनंतर सगळं जैसे थे. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवून नक्की कोणता ड्रायव्हर बसलाय ते बघा. एकाच मॉडेलची दोन कार्डं असतील तर मॉडेलचा आयडी देऊन दोन्ही होस्टच्या हातून जातात; तिथे पत्त्यानुसार ड्रायव्हर ठरवा. नवं कार्ड बसवल्यावर हे पत्ते सरकू शकतात, तेव्हा पुन्हा तपासा.

मेमरीचा हिशेबही आधीच करा. डिव्हाइस थेट मेमरीत लिहितं, त्यामुळे गेस्टची सगळी रॅम होस्टवर पिन होते. १६ जीबी दिलीत तर १६ जीबी गेली. बलूनिंगच्या (गेस्टची रिकामी रॅम होस्टने परत घेण्याच्या) भरवशावर राहू नका.

पहिल्यांदा चाललं आणि गेस्ट रीस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन आली, तर संशय रीसेटवर घ्या. काही कार्डं, विशेषतः एएमडीची काही जुनी मॉडेल्स, नीट रीसेट होत नाहीत, आणि मग अख्खा होस्ट रीबूट करावा लागतो. अशा कार्डांपैकी काहींसाठी ‘व्हेंडर-रीसेट’ हे कर्नल मॉड्यूल आहे. कार्ड घेण्याआधीच त्याच्या यादीत मॉडेल शोधा.