नकाशावर सरकलेल्या भ्रंशरेषा

नाशिकमध्ये बसून महाराष्ट्रातल्या भ्रंशरेषांचा, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलाय त्या रेषांचा, वेब नकाशा करतोय. जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षणाच्या नकाशावर) आखलेली शेपफाइल, म्हणजे नकाशातल्या रेषांची फाइल, लीफलेट या वेब नकाशाच्या लायब्ररीत टाकली, तर तिच्यातली गोदावरी उपग्रहचित्रातलं पात्र सोडून शेजारच्या शेतांतून चाललेली. रस्तेही त्याच दिशेला, तेवढेच सरकलेले. म्हणजे डेटमचाच, अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याचाच, घोळ. फाइल कुठल्या डेटमवर आहे ते सांगणारी पीआरजे फाइल सोबत नव्हती. जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट लंबगोल या पृथ्वीच्या जुन्या गणिती आकारावर, वेब नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटमवर. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ सीआरएस (निर्देशांक पद्धत) म्हणून 'कलियानपूर १९७५' हा जुना भारतीय डेटम दिला, मग रीप्रोजेक्ट करून, म्हणजे निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ मध्ये बदलून, जिओजेसन ही वेबसाठीची फाइल काढली. नदी पात्रात बसली, भ्रंशही जागेवर आले.

१९९३ चा किल्लारीचा भूकंप लोक विसरलेले नाहीत. नकाशा उघडला की माणूस आधी आपलं घर शोधतो, जवळ ठळक रेघ दिसली की धसकाच घेतो. म्हणून अनुमानित (प्रत्यक्ष न दिसलेले, अंदाजाने आखलेले) भ्रंश तुटक रेषेनेच दाखवतो, सोबत मूळ नकाशाचं वर्षही.